ब्रासच्या मापात न दिसणारा दगड

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

३० सप्टेंबरच्या अंकात किल्लारीच्या भूकंपावर आपण अख्खं पान दिलंत. मी ते दोनदा वाचलं, घरात मोठ्यानेही वाचून दाखवलं. नातवंडांना ते सगळं आता गोष्टीसारखं वाटतं. पण त्या पानाचा एकूण सूर असा होता की दगड-मातीच्या घरांनी माणसं मारली आणि सिमेंट आलं म्हणून आपण आता निर्धास्त झालो. एवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे.

मी औसा तालुक्यातला गवंडी. वय पासष्टच्या पुढे. तेराव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली चिपा, म्हणजे दगडाच्या कपच्या, उचलल्या, पुढे चाळीस वर्षं करणी आणि ओळंबा माझ्या हातात होता. दगडावर घेतलेला हा आळ मला सहन होत नाही. त्यात माझा स्वतःचाही एक हिशेब गुंतलेला आहे, तो पुढे सांगतो.

आधी भिंत कशी असायची ते लिहितो, कारण आता ती उघडी बघायला मिळत नाही. आमच्याकडच्या साध्या घराची भिंत दोन-अडीच फुटांची, वाड्याची त्याहून जाड. बाहेरच्या तोंडाला थोडा घडवलेला काळा दगड, आतल्या तोंडाला शेतातून आणलेला अनघड गोटा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. या मधल्या मालाला आम्ही भर म्हणतो. म्हणजे बाहेरून एक दिसणारी भिंत खरं तर दोन भिंती असतात, पाठीला पाठ लावून उभ्या. त्या दोघींना धरून ठेवतो तो आरपार दगड. दोन-अडीच फूट लांबीचा, एक टोक बाहेर, एक टोक आत. सरकारी कामावरचे लोक त्याला हेडर म्हणत. माझे वडील त्याला भिंतीची गाठ म्हणायचे. त्यांचा नियम असा होता: भिंत गुडघाभर चढली की आरपार दगडांची एक ओळ, आणि दोन दगडांमध्ये अडीच हातांपेक्षा जास्त अंतर नाही. कोपऱ्यावर तर लांब दगड आलटूनपालटून, एकदा या भिंतीत घुसलेला, एकदा त्या.

गाठ नसेल तर काय होतं? पोत्यात ज्वारी भरताना आपण पोतं हलवतो, तशी ज्वारी खाली बसते आणि पोतं पोटाशी फुगतं. भूकंपात तेच होतं. भर खाली बसते, दोन्ही तोंडांना बाहेर रेटते आणि भिंत उभी उकलते. एक अंग अंगणात पडतं, दुसरं घरात झोपलेल्यांवर.

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या (आडवी लाकडं), कड्यांवर किलच (लाकडाचे बारीक तुकडे), त्यावर निरगुडीचा पाला, चिखल, आणि मग पांढरीची माती. ही माती गावाच्या जुन्या गढीची, मऊ आणि बारीक. नीट चोपली तर पाऊस वरच्यावर ढाळाने निघून जातो. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर दोन-चार पाट्या माती पडायचीच, कारण गळती कुठे आहे ते शोधण्यापेक्षा वरून माती टाकणं सोपं. आजोबाने टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. जुनी माती खाली काढायला हवी होती, ती कोणी काढली नाही. दहा बाय पंधराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे तीनशे घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरा. साडेतेरा टन! एका ट्रकमध्ये मावणार नाही एवढं ओझं डोक्यावर घेऊन माणसं निजत होती. त्या घराला भर उन्हाळ्यात पंखा लागत नसे हेही खरं, आणि म्हणूनच ती माती कोणाला जड वाटली नाही.

हे ओझं कशावर टेकलं आहे, यावरही फार काही ठरत असे. ज्याच्याकडे लाकडाला पैसा होता त्याचं घर खणांचं, म्हणजे लाकडी खांबांच्या चौकटीचं. माळवद खांबांवर आणि भिंत नुसती आडोशाला. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या कड्यांची टोकं थेट भिंतीवर टेकवलेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हा फरक उघड झाला. आमच्या वडिलांनी बांधलेलं आमचं घर खणांचं होतं. पश्चिमेची भिंत बाहेर पडली, स्वयंपाकघराचा कोपरा गेला, पण खांब वाकडे होऊनसुद्धा माळवद वर तोलून राहिलं. आम्ही सातजण त्याखालून रांगत बाहेर आलो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून दमून आलेली माणसं गाढ झोपेत होती. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. बावन्न गावं जुनी जागा सोडून दुसरीकडे वसवावी लागली.

आता माझा हिशेब. १९८७ साली तेरणेच्या काठच्या एका गावात मी एक घर बांधलं. मालकाच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं आणि मांडवाच्या आधी घर पुरं व्हायला हवं होतं. काम ब्रासवर ठरलं होतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे बांधकामातल्या माणसाला सांगायला नको, पण आपल्या सगळ्या वाचकांना माहीत असेलच असं नाही. भिंतीची लांबी, उंची, जाडी मोजायची, गुणायची, आणि शंभराला दर लावायचा. या मापात चिपांनी भरलेला घनफूट आणि आरपार दगडाने भरलेला घनफूट यांची किंमत एकच. पण दोघांची मेहनत सारखी नाही. चिपा पायाखाली पडलेल्या असतात. अडीच फुटांचा दगड काढायचा तर वडाराला खाणीवर सांगावं लागतं. तो दगडाची नस बघतो, छिन्नीने ओळ मारतो, मग घण घालतो, आणि चारातला एक दगड मधेच तुटतो. तो गाडीत घालून आणायचा, दोघांनी उचलायचा. त्या दगडाचे पैसे मालक वेगळे देईना. भिंत तर तशीही उभी राहतेच आहे, असं तो म्हणाला. मी पहिले दोन थर वडिलांच्या नियमाने बांधले. नंतर लांब दगड संपले आणि मी चिपांनी भरत वर गेलो. लग्नाच्या आठ दिवस आधी दर्जा भरून, म्हणजे बाहेरचे सांधे बुजवून, घर दिलं. सगळ्यांनी कामाचं कौतुक केलं. दर्जा भरल्यावर आत काय आहे ते देवालाही दिसत नाही.

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मी त्या गावात गेलो. पश्चिमेची भिंत उभी उकलली होती. खालचे दोन थर जागेवर होते, गाठीसकट. त्याच्या वरचं सगळं गेलेलं. माझ्या हातच्या चिपा मला ओळखू आल्या. गवंड्याला आपलं काम अक्षरासारखं ओळखता येतं. त्या भिंतीखाली दोन माणसं गेली. त्यांची नावं इथे लिहिण्याचा अधिकार मला नाही. घरच्यांनी मला कधी बोल लावला नाही, त्यांना कारण माहीतच नव्हतं. पुढे चार वर्षांनी मी स्वतः जाऊन सांगितलं. मालक बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "दगडाचे पैसे मीच दिले नव्हते." त्या दिवसापासून आमचं एकमेकांकडे येणंजाणं आहे.

म्हणून दगडाने माणसं मारली असं कोणी लिहिलं की मला राहवत नाही. दगडाचा काय दोष? दगडावर आळ घेणाऱ्याने एकदा नळदुर्गला जावं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल १६१३चा, इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. काळा दगड आणि चुना. चारशे वर्षं तो पूर अंगावर घेतो आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला गाड्या भरून लोक येतात, फोटो काढतात. मी तिथे गेलो की बंधाऱ्याचे सांधे बघत बसतो. आणि माथ्यावर वजन किती घ्यावं हेही आपल्या भागातल्या माणसांना ठाऊक नव्हतं असं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं आणि वीट आतून जाळीदार, हलकी होते. ज्यांनी ती वीट घडवली त्यांनी वर काय आणि खाली काय याचा विचार केला होता. ते शहाणपण आमच्या माळवदापर्यंत पोचलं नाही. कुठे तुटलं, ते मला सांगता येणार नाही.

भूकंपानंतर सरकारने आम्हा गवंड्यांना शिकवलं. गावोगाव नमुन्याची घरं दुरुस्त करून दाखवली. रुडकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या जाणकारांनी घालून दिलेली पद्धत होती ती. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर लिहिलं: आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत चार फुटांच्या आत. मी हिशेब केला. गुडघाभर म्हणजे पावणेदोन-दोन फूट, अडीच हात म्हणजे पावणेचार फूट. माझ्या अंगठा उठवणाऱ्या बापाचा नियम आणि भारतीय मानकाचं पुस्तक यांत बोटाचं अंतर नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं, कारण शिकायला मी इतक्या उशिरा आणि इतक्या लांबून आलो होतो.

उभी राहिलेली भिंत न पाडता तिला गाठ मारायची रीत मी तिथे शिकलो. दगड पहारीने हळूच सैल करून काढायचे. घण मारायचा नाही, भिंत हादरते. भोक आरपार न्यायचं, दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ मिलिमीटरची सळई आणि वर काँक्रीट. माळवदावरची माती काढून आठ इंचांवर आणायची, मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा म्हणजे गळायची भीती नाही. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरकस लाकूड ठोकायचं. साडेतेरा टनांचे साडेचार टन झाले. खर्चही फार नव्हता. पण लोक त्या घरात शिरायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष कसा देणार? ज्या भिंतीने लेकरू घेतलं तिला सळई घातली तरी रात्री झोप येत नाही. मदतीच्या पैशांत पुष्कळांनी अंगणात एक नवी खोली बांधली, नाहीतर पत्र्याचं शेड टाकलं. जुन्या घराचे खांब विकले, दगड विकला. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली काय होतं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको.

त्याबरोबर माणसंही हटली. आमच्याकडे गाडीवडार दगड आणायचे, मातीवडार खणायचे, जातेवडार जाती-पाटे घडवायचे. दगड कुठे मारला की सरळ फुटेल हे त्यांना नजरेने कळत होतं. क्रशर आलं, दगडाची खडी झाली, आणि नस ओळखणारी नजर कामाची राहिली नाही. आज त्यांचीच मुलं क्रशरवर धुळीत उभी आहेत. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, बांधकामावर एक टक्का उपकर आला, नोंदणी झालेल्यांना आता काही ना काही मिळतं. चांगलंच आहे. पण साठी उलटली की नोंदणी संपते, आणि ज्यांना खरी विद्या येत होती ते सगळे साठीपलीकडचे.

एवढं सगळं सांगण्याचं कारण जुन्या घरांची हळहळ नाही. मला आजच्या घरांची काळजी आहे. सिमेंट आलं म्हणून आपण सुटलो, हे तुमच्या पानावरचं म्हणणं मला घाबरवतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात एका दुमजली घराचं काम चाललं होतं. मी सहज बघायला गेलो. कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या लोखंडी कड्या, बांधत होते. रिंगची दोन्ही टोकं नुसती काटकोनात वळवलेली. ती टोकं आत, कॉलमच्या पोटात वळवायची असतात. नाहीतर धक्का बसला की वरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर वाकतात. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: गाठ सुटली. काम करणारा पोरगा चांगल्या हाताचा होता, बिहारमधून आलेला, मराठी तोडकंमोडकं बोलणारा. मी सांगितलं तर म्हणाला, "मामा, चौरस फुटाने पैसे मिळतात. रिंगला कोण पैसे देतो?"

मी तिथेच जमिनीवर काडीने हिशेब मांडला. दहा फुटांच्या कॉलमला सहा इंचांवर एक म्हणजे वीस रिंगा. बारा कॉलम. दोनशे चाळीस रिंगा. टोक आत वळवायला रिंगमागे अर्धं मिनिट जास्त लागतं. दोन तास! दोन तासांची मजुरी. १९८७ साली मी लांब दगडांचे जे पैसे मागितले होते त्याच्यापेक्षाही हे कमी. मालकाला बोलावून सांगितलं, त्याने ती मजुरी वेगळी दिली आणि राहिलेल्या रिंगा नीट झाल्या. खालच्या मजल्यावरच्या रिंगांवर मात्र काँक्रीट ओतून झालं होतं, त्या तशाच आहेत. रिंगांचा हा नियम ज्या भारतीय मानकात आहे, त्या १३९२० क्रमांकाच्या पुस्तकाचं सालही १९९३. आणि दगडी भिंतीतल्या आरपार दगडाचा नियम सांगणारं मानकही त्याच सालचं.

पाण्याचंही तसंच. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी हवं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, ते दिवस सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्या उन्हाळ्यातही आमच्या भागात स्लॅब ओतले जात होते. ओलं पोतं सुद्धा न पांघरता वाळलेले ते स्लॅब आज रंगवलेले आहेत, खाली माणसं राहतात. दर्जा भरलेल्या भिंतीसारखेच ते बाहेरून सुंदर दिसतात.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक आपल्याकडे: दर ३० सप्टेंबरला मृतांच्या आठवणीबरोबर पाव पान तरी बांधण्याच्या रीतीला द्या. रिंगचं टोक कसं वळवायचं याचं एक चित्र छापा, ते कापून लोक साइटवर लावतील. दुसरी सरकारकडे: घरकुलाचे हप्ते देताना जोत्याचा, भिंतीचा, छताचा फोटो मोबाइलवर जागेच्या नोंदीसह घेतात. त्यात काँक्रीट ओतण्याआधीच्या रिंगांचा एक फोटो वाढवा आणि त्या कामाची मजुरी अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा. ज्या कामाला मापात ओळ नाही ते काम घाईत राहूनच जातं, हे मी स्वतःच्या हाताने करून बसलेला माणूस सांगतो आहे.

आणि एक निरोप, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. आमच्या गावात खणांचं एकच घर उरलं आहे. तीन खण, दाराशी बसायची एक ढाळज, आणि भिंतीत धान्य साठवायचं बळद. भूकंपात ते पडलं नाही. दिवाळीनंतर मालक ते उतरवणार आहे. त्याच्या मुलांना तिथे दुकानाचे गाळे काढायचे आहेत, आणि त्यांच्या गरजेला मी आड येणार नाही. मशीन लावू नका, हाताने उकला, एवढं मी त्याच्याकडे मागितलं, आणि त्याने आठ दिवस कबूल केले आहेत. कोणाला यायचं असेल तर टेप, वही आणि कॅमेरा घेऊन या. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला या पत्रासोबत दिला आहे. भिंत वरून खाली उकलत गेलं की आरपार दगड एकेक करून दिसतील. प्रत्येकाचं अंतर मोजून लिहून घ्यायचं आहे. मला आता खाली बसून मोजणं जमत नाही, पण सकाळी सातपासून मी तिथे असेन.

आपला नम्र,
एक गवंडी
(ता. औसा, जि. लातूर)